मदत हवी आहे: युद्धानंतरचं भंगार, महाकाय यंत्रमानव आणि माझी अडकलेली दीर्घकथा

मंडळी, नमस्कार.

गेले सात महिने एक दीर्घकथा लिहितेय आणि ती मधोमध अडकून बसली आहे. इथे जहाजावर नोकरी केलेले, यंत्रशाळेत हात काळे केलेले, भौतिकशास्त्र शिकवणारे बरेच जण आहेत, म्हणून विचारतेय.

कथा थोडक्यात अशी. युद्ध संपून चार वर्षं झाली आहेत. त्यात लढलेले अठरा मीटर उंचीचे यंत्रमानव आणि फुटलेली जहाजं अजून पृथ्वीभोवती फिरतायत. ‘पंचगंगा’ हा एक जुना टग, त्यावर पाच माणसं. मिळेल ते ओढून आणायचं, कापायचं, वजनावर विकायचं. एके दिवशी त्यांच्या दोराला हातपाय शाबूत असलेला एक अख्खा यंत्रमानव लागतो, आणि तिथून ही पाच माणसं दोन पक्षांच्या नव्या भांडणात ओढली जायला हवीत. नेमकं इथेच गाडं अडलंय.

पहिल्या खर्ड्यात टगवरचा सगळ्यात लहान पोरगा यंत्रमानवाच्या छातीत जाऊन बसतो, कळा दाबतो आणि लढायला लागतो. लिहून झाल्यावर मलाच ते पटेना. आमच्या शेडवर पंधरा वर्षं काम केलेला माणूससुद्धा दुसऱ्याची क्रेन विचारल्याशिवाय हातात घेत नाही. हा पोरगा पहिल्याच दिवशी सत्तर टनांचं धूड चालवतो? फाडून टाकलं.

शेड म्हणाले, तर तेही सांगते, कारण कथा तिथूनच आली आहे. माझं लहानपण कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात गेलं. वडील भंगार गोळा करून, निवडून, शिरोलीच्या फौंड्रीवाल्यांना द्यायचे. तुकडा कुठला हे ते ग्राइंडरला लावून ठिणगीवरून सांगायचे. बिडाची ठिणगी आखूड, लालसर. एम.एस.ची, म्हणजे साध्या मऊ पोलादाची, लांब, पिवळसर पांढरी. कार्बन जास्त असेल तर ठिणगी पुढे जाऊन फुलबाजीसारखी फुटते. मी शेजारी उभी राहून ओळखायला शिकले होते. कथेतल्या गॅसकटरवाल्याला हीच विद्या द्यायची होती, पण लिहिताना लक्षात आलं की ठिणगी फुटते ती हवेतल्या ऑक्सिजनमुळे. निर्वात पोकळीत ती फुटणारच नाही. तीस वर्षांची नजर असलेला माणूस तिथे आंधळा होतो. हा प्रसंग मला फार आवडला आहे आणि तो राहणार आहे.

वडिलांचा दुसरा नियम म्हणजे बंद तोंडाची वस्तू भट्टीकडे जाता कामा नये. बंद पाइप, बंद सिलिंडर, काहीही. आत ओल असली की तिची क्षणात वाफ होते आणि वितळलेलं लोखंड छपरापर्यंत उडतं. एकदा ट्रकमधून हातभर लांबीचा, दोन्ही बाजूंनी वेल्डिंग मारलेला पाइप आला. वडिलांनी तो उचलून कानाशी हलवला, बाजूला भिंतीला टेकवला आणि खडूनं त्यावर फुली मारली. दुसऱ्या दिवशी तेल सोडत सोडत हातड्रिलनं भोक पाडलं, तर आतून गंजाचं तांबडं पाणी आलं. वाटीभरच असेल. ते पाणी जमिनीत मुरेपर्यंत कोणी बोललं नाही.

त्या फुलीवरून मला यंत्रमानवाच्या बंद छातीचा प्रसंग सुचला. टगवरची माणसं त्याला यंत्रमानव म्हणत नाहीत (मला तो शब्द त्यांच्या तोंडी शोभेना), ‘सत्तर टनी’ म्हणतात. आकडा मी असा काढला: माणूस १.८ मीटर आणि ७० किलो. उंची दसपट केली की वजन हजारपट, म्हणजे ७० टन. पायाचा छेद मात्र शंभरपटच वाढतो, म्हणून जमिनीवर त्याच्या पायांवर दसपट ताण येईल. अवकाशात उभं राहायचं नसल्यामुळे हा प्रश्न सुटतो, पण फिरणारं धूड थांबवायचा प्रश्न फारच वाढतो. तिथे वजनाची हजारपट आणि लांबीच्या वर्गाची शंभरपट मिळून हिशेब एक लाखपटीचा होतो.

आता मुख्य अडचण. मला ही माणसं शूर म्हणून किंवा देशभक्त म्हणून भांडणात शिरायला नको आहेत. भंगाराच्या धंद्यात माणूस नकळतच अडकतो. २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरीत लिलावात घेतलेलं एक जुनं यंत्र तोडलं आणि आतला किरणोत्सारी कोबाल्ट-६० बाहेर आला. एक जण गेला, काहींच्या हातांची कातडी जळाली. त्यांना काय ठाऊक होतं आत काय आहे? वजन केलं, पैसे दिले, तोडलं. मला माझी पाच माणसं तशी अडकायला हवी आहेत.

समोरचे दोन पक्ष मात्र मला दिसतायत, आणि ते आपल्याच मातीतून दिसले. १८४४ चा गडकऱ्यांचा उठाव आठवा. सामानगड, भुदरगड इथल्या गडकऱ्यांच्या वंशपरंपरेच्या जमिनींचा कारभार मामलेदारांकडे गेला, पोटावर पाय आला, आणि त्यांनी गडाचे दरवाजे लावून घेतले. कर्नल ओव्हान्स या इंग्रज अधिकाऱ्याला पकडून पन्हाळ्यावर ठेवलं. शेवटी इंग्रजांनी गड घेतले, शिबंदी मोडली. युद्धासाठी पोसलेल्या माणसांचं युद्ध संपल्यावर काय करायचं, हा प्रश्न माझ्या कथेतल्या यंत्रमानव चालवणाऱ्यांचाही आहे. त्यांची वेतनं बंद झाली आहेत आणि त्यांना आपली यंत्रं परत हवी आहेत. दुसरीकडे सरकारला ती वितळवायची आहेत. मला दोघांचंही म्हणणं खरं वाटतं, म्हणून लिहायला जड जातंय.

तर मदत हवी आहे ती अशी. अवकाशात सापडलेलं भंगार कायद्यानं कुणाचं? सापडेल त्याचं, असं असेल तर माझी कथाच उभी राहत नाही. आणि दुसरं, गरगरणाऱ्या सत्तर टनीला दोर कसा टाकायचा? १९८५ च्या जूनमध्ये झानिबेकोव आणि साविनिख या सोव्हिएत अंतराळवीरांनी बंद पडलेलं साल्युत ७ हे अंतराळ स्थानक हातानं गाठून जोडून घेतलं, आत सगळं गोठलेलं होतं, हे वाचलंय. त्याच मोहिमेत झानिबेकोवना सुटलेली विंग नट (बोटांनी फिरवायची, दोन पंखांची नट) फिरता फिरता मध्येच उलटी होताना दिसली होती. माझा सत्तर टनी तसाच गरगरत, मध्येच डोकं खाली करत येताना दाखवलाय. हे बरोबर आहे का? चार वर्षांनंतरही तो तसा उलटत राहील?

चूक असेल तर सरळ सांगा, वाईट वाटणार नाही.

प्रतिसाद

ताई, मी सव्वीस वर्षं मालवाहू जहाजांवर इंजिनिअर होतो. कायद्यापुरतं सांगतो.

समुद्रात संकटातलं जहाज वाचवलं तर वाचवणाऱ्याचा मोबदल्यावर हक्क लागतो. वाचलं नाही तर पैसा नाही, हा जुना नियम. अवकाशात तसा हक्क देणारा करार नाही. १९६७ च्या अंतराळ कराराच्या आठव्या कलमानुसार वस्तू वर असो की खाली पडलेली असो, मालकी बदलत नाही. ती मोडकी आहे, सोडून दिली आहे, यानं फरक पडत नाही. म्हणजे तुमच्या ‘पंचगंगा’नं दोर टाकला त्या क्षणी ती चोर ठरू शकते.

पण वाट आहे. १९८४ मध्ये वेस्टार ६ आणि पालापा बी-२ हे दोन उपग्रह चुकीच्या कक्षेत अडकले होते. विमावाल्यांनी भरपाई दिली, मालकी त्यांच्याकडे आली, आणि नोव्हेंबरमध्ये डिस्कव्हरी यानानं दोन्ही परत आणले. स्कॉटलंडजवळच्या स्कापा फ्लो या बंदरात १९१९ साली जर्मनांनी स्वतः बुडवलेली लढाऊ जहाजं अर्नेस्ट कॉक्स या भंगारवाल्यानं वर काढली, त्यानंही ती आधी ब्रिटिश नौदलाकडून विकत घेतली होती. आधी कागद, मग दोर. तुमच्या टगवर कागद हवा. आणि त्याच धुडाचा दुसरा कागद दुसऱ्याकडे हवा.

प्रतिसाद

मी कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते. तुमचा गरगरणारा यंत्रमानव बघू.

कुठल्याही वस्तूला फिरवायला सगळ्यात हलका, मधला आणि सगळ्यात जड असे तीन अक्ष असतात. विंग नट उलटते कारण ती मधल्या अक्षाभोवती फिरत असते, आणि ते फिरणं अस्थिर असतं. माणसासारख्या आकाराला कोलांटउडी हा तो मधला अक्ष. पण सैल सांधे, टाकीत हिंदकळणारं इंधन यांत ऊर्जा मुरत जाते, आणि फिरणं हळूहळू सगळ्यात जड अक्षावर स्थिरावतं. १९५८ साली एक्स्प्लोरर १ हा उपग्रह लांबीच्या अक्षाभोवती फिरवून सोडला होता. त्याच्या लवचीक अँटेनांमुळे तो काही तासांतच आडवा फिरायला लागला.

तेव्हा चार वर्षं बेवारस राहिलेला सत्तर टनी हातपाय पसरून चक्रासारखा, एका लयीत फिरत असेल. तो जर अजून उलटत असेल, तर अलीकडे कुणीतरी त्याला हलवलं आहे.

धागाकर्ती

काका, मॅडम, लई उपकार झाले. मॅडमचं शेवटचं वाक्य वाचून मी उठून घरभर फिरून आले.

उलटणं मी काढणार नाही. ते आता चूक राहिलं नाही, तीच खूण झाली. गॅसकटरवाल्याला ठिणगीवरून धातू ओळखता आला नाही, पण कप्तानबाई खिडकीशी उभी राहून त्याचं फिरणं बघतात, दोनदा डोकं खाली गेलेलं मोजतात आणि म्हणतात, “ह्यात कोणतरी हाय.” त्यांच्या खिशात विमा कंपनीचा रीतसर कागद आहे, पैसे भरलेले आहेत. कागदावर सत्तर टन धातू लिहिलंय, माणूस लिहिलेला नाही. पोरगा दोर धरून बाहेर जातो आणि छातीच्या बंद झाकणावर खडूनं फुली मारून परत येतो.

दुसरा कागद कुणाकडे, तेही सुचलंय. आतल्या बाईकडेच. तिच्या आजोबांना यंत्र नेमून दिल्याची सनद.

आता फक्त एक राहिलं. मॅडम, आतला माणूस नुसते हातपाय हलवून सत्तर टनांचं फिरणं बिघडवू शकेल का, की यंत्राचाच हात हलायला हवा? हात हलायला हवा असेल तर यंत्रात वीज शिल्लक आहे, आणि मग पुढची तीन पानं बदलावी लागतील. रात्री उशिरापर्यंत जागी आहे.