मदरबोर्ड बदलला, आता डेबियन उठत नाही: एएचसीआय ठेवू की रेड?

मंडळी, मदत हवी आहे. वेंगुर्ल्यात आमचा काजू प्रक्रियेचा छोटा कारखाना आहे. ऑफिसातल्या डेबियन (लिनक्सचा एक प्रकार) मशीनवर खरेदी, स्टॉक आणि बिलं चालतात. पावसाळा लागला आणि जुना मदरबोर्ड गेला. उघडून पाहिलं तर यूएसबीच्या खाचांत आणि रॅमच्या पट्टीवर हिरवट थर. खाऱ्या हवेत हे व्हायचंच.

नवा बोर्ड बसवला, डिस्क जुन्याच. दोन एक टीबीच्या सॅटा डिस्क आहेत, लिनक्सच्या एमडीअ‍ॅडम या प्रोग्रामने आरसा केलेल्या, म्हणजे रेड १, दोन्हींवर तोच डेटा. जुन्या बायोसमध्ये (बोर्डाच्या सेटिंगमध्ये) सॅटा मोड, म्हणजे डिस्कशी बोलायची पद्धत, 'आयडीई' होता. नव्यात 'एएचसीआय' आणि 'रेड' एवढेच पर्याय.

एएचसीआय ठेवून चालू केलं. ग्रब (सिस्टीम सुरू करायचा मेनू) येतो, कर्नल (लिनक्सचा गाभा) निवडता येतो, मग थोडा वेळ काळा पडदा, आणि अमुक यूयूआयडी (डिस्कवरच्या भागाचा ओळखक्रमांक) सापडत नाही असं सांगून '(इनिटरामएफएस)', म्हणजे खरी सिस्टीम उठण्याआधीच्या तात्पुरत्या छोट्या सिस्टीमच्या प्रॉम्प्टवर येऊन बसतो. तिथे ब्लॉकआयडी (दिसणाऱ्या डिस्कची यादी देणारी आज्ञा) मारलं तर काहीच छापत नाही.

दुकानदार म्हणतो, "दोन डिस्कचा रेड आहे ना, मग बायोसमध्ये रेडच लावायला हवं." मला धीर होत नाही. हिशोबाचा बॅकअप वेगळा आहे, पण अख्खी सिस्टीम नव्याने बसवायची वेळ येऊ नये. ज्याने मशीन लावून दिलं तो आता दुबईत.

प्रतिसाद १
रेडला हात लावू नका! बायोसचा रेड आणि एमडीअ‍ॅडमचा रेड यांचा एकमेकांशी संबंध नाही. एमडीअ‍ॅडमची माहिती डिस्कवरच लिहिलेली असते, ती कोणत्याही बोर्डावर वाचता येते. नुसता मोड बदलून डेटा जात नाही. पण रेडच्या मेनूत शिरून 'व्हॉल्यूम तयार करा' दाबलंत तर बायोस डिस्कच्या शेवटी स्वतःची नोंद लिहितो, आणि तिथून खरी डोकेदुखी सुरू होते. दुकानदाराला चहा पाजा आणि एएचसीआय राहू द्या.

प्रतिसाद २
ग्रब येतोय म्हणजे बूटचं गणित बरोबर आहे, लेगसी की यूईएफआय (बूटच्या दोन पद्धती) यात पडू नका. ब्लॉकआयडी रिकामं येतंय म्हणजे कर्नलला डिस्कच दिसत नाहीत. इंटेलच्या बोर्डावर आयडीई मोडमध्ये 'एटीए_पीआयआयएक्स' हा ड्रायव्हर लागतो, एएचसीआयमध्ये 'एएचसीआय'. डेबियन सहसा दोन्ही घालून देतं, म्हणून बहुतेकांना हा त्रास होतच नाही. तुमच्याकडे कोणीतरी इनिटरामएफएसच्या कॉन्फिग फाइलीत मॉड्यूल्स 'मोस्ट'ऐवजी 'डेप' केलेलं असणार. 'मोस्ट' म्हणजे बहुतेक सगळे ड्रायव्हर, 'डेप' म्हणजे त्या वेळी मशीनला लागणारेच ड्रायव्हर घ्यायचे. बूट पार्टिशन छोटं असलं की लोक असं करतात.

लाइव्ह पेनड्राइव्हवरून (ज्यावरूनच लिनक्स चालतं असा) चालू करा. आरसा तिथे 'एमडी१२७' अशा नावाने दिसेल, घाबरू नका. तो माउंट करा, बूट पार्टिशन वेगळं असेल तर तेही. डेव्ह, प्रॉक आणि सिस हे फोल्डर बाइंड करून क्रूट करा, म्हणजे डिस्कवरच्या सिस्टीममध्ये शिरा, ती ओळ 'मोस्ट' करा आणि सगळ्या कर्नलसाठी इनिटरामएफएस नव्याने बनवा. आधी बूटमध्ये जागा किती आहे ते बघून घ्या, 'मोस्ट'ची फाइल बरीच मोठी होते.

प्रतिसाद ३
वेंगुर्ल्याक आसास तर कुडाळाक येवा, लाइव्ह पेनड्राइव्ह तयार आसा माझ्याकडे. डिस्क बाहेर काढू नका मात्र. एकच डिस्क लावून चालू केलात तर आरसा अर्धवट होतो आणि मग दुसरी परत जोडून सिंक होईपर्यंत बसावं लागतं.

धागाकर्ता
सगळ्यांचे आभार. कुडाळला गेलो नाही, पेनड्राइव्ह इथेच बनवला. 'डेप'च होतं. बूटमध्ये जागा अगदी कमी होती, दोन जुने कर्नल काढले तेव्हा फाइल मावली. एएचसीआयवरच मशीन उठलं आणि एमडीस्टॅटमध्ये (आरशाची स्थिती दाखवणारी फाइल) '[यूयू]' दिसतंय, म्हणजे दोन्ही डिस्क आरशात आहेत.

पण नेटवर्क बंद! प्रिंटरही त्यावरच. नव्या बोर्डाच्या लॅनपोर्टचं नाव 'ईएनपी२एस०'चं 'ईएनपी३एस०' झालंय. स्थिर आयपी जुन्या नावाला बांधलेला आहे.

प्रतिसाद २
हो, ते होणारच. ही नावं पीसीआयच्या (बोर्डावरच्या जोडणीच्या) जागेवरून पडतात, आणि बोर्ड बदलला की जागाही बदलते. ईटीसीच्या नेटवर्क फोल्डरातल्या इंटरफेसेस फाइलीत नाव बदला, 'ऑटो'च्या ओळीतलं आणि 'आयफेस'च्या ओळीतलं, दोन्ही. आणि राउटरमध्ये मॅक पत्ता (पोर्टचा स्वतःचा क्रमांक) बांधून आयपी दिला असेल तर तोही बघा, नव्या पोर्टचा मॅक वेगळा असतो.

धागाकर्ता
दोन्ही ओळी बदलल्या, प्रिंटर बोलू लागला. कालची अडकलेली बिलं आता छापतोय. दुकानदाराने मधेच विचारलं, "रेड लावला ना?" मी मान हलवली.