मॅग्नेटाइट नॅनोपावडर आणि मेथिलीन ब्लू: आकडे रोज वेगळे का येतात?

निळीशाई_घाटकोपर
पाण्यातून रंग काढायचा प्रयोग: मेथिलीन ब्लू (निळा रंग) ५० मिग्रॅ प्रति लिटर, द्रावण ५० मिली, सहप्रक्षेपणाने (क्षारांच्या द्रावणातून साका पाडून) केलेली मॅग्नेटाइट (चुंबकाला चिकटणारं लोहाचं ऑक्साइड) पावडर २५ मिग्रॅ, शेकरवर २ तास. मग फिल्टर पेपरमधून गाळून ६६४ नॅनोमीटरला प्रकाशशोषणाचं वाचन. एकाच बॅचने सोमवारी ९० टक्के रंग काढला, गुरुवारी ६०. पावडर न घातलेल्या ब्लँकमध्येही गाळल्यावर ५० चे ३९ होतात. मुंबईच्या पावसाळी हवेत पावडर दमट होते म्हणून का? डोंबिवलीच्या एका डाईंग युनिटच्या सांडपाण्यावरही करून पाहिलं, रंग जवळपास तसाच राहिला.

क्युव्हेट_६६४
तुमच्या ब्लँकमधले लिटरमागे ११ मिग्रॅ फिल्टर पेपरने खाल्ले. पेपर सेल्युलोजचा, पाण्यात त्यावर ऋणभार येतो. मेथिलीन ब्लू धनभारित. गाळल्यावर पेपर बघा, निळा झालेला असेल. २५ मिग्रॅने ९० टक्के म्हणजे ग्रॅममागे ९० मिग्रॅ, बिनलेपाच्या मॅग्नेटाइटसाठी हे पटण्यासारखं नाही.

गाळणं बंद करा. बीकरखाली निओडिमियम चुंबक १० मिनिटं, वरचं पाणी पिपेटने काढून सेंट्रिफ्यूज. मग ८०० नॅनोमीटरलाही एक वाचन घ्या. तिथे हा रंग प्रकाश शोषत नाही. तरीही वाचन येत असेल तर बारीक कण अजून तरंगतायत. मूळ द्रावण २० पट पातळ करूनच मोजा, वाचन १ च्या खाली राहिलं पाहिजे. क्युव्हेटलाही (वाचनाच्या काचपात्रालाही) हा रंग चिकटतो, दर वेळी इथेनॉलने धुवा.

पीएच_आधी
दमटपणाचा दोष आहे, पण छोटा. पावडरीत १० टक्के ओल धरली तरी २५ चे साडेबावीस होतील, ३० टक्क्यांचा फरक त्यातून निघत नाही. ६० अंशांवर रात्रभर वाळवून डेसिकेटरमध्ये (ओल शोषणाऱ्या बंद भांड्यात) ठेवा म्हणजे तोही जाईल. जास्त तापवू नका, काळी पावडर तपकिरी व्हायला लागली की ऑक्सिडीकरण सुरू झालं.

खरा संशय पीएचवर. मॅग्नेटाइटच्या पृष्ठभागाचा भार साधारण ६.५ ते ७ च्या आसपास उलटतो: त्याखाली धनभार, म्हणजे रंगाला ढकलतो; त्यावर ऋणभार, म्हणजे रंगाला ओढतो. उघडं ठेवलेलं डिस्टिल्ड पाणी हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन साडेपाचपर्यंत उतरतं, उलट पावडरीत ती बनवतानाचा अमोनिया राहिला असेल तर पीएच वर चढतो. म्हणजे तुम्ही नेमके त्या सीमेवर काम करताय! धुण्याचं पाणी उदासीन होईपर्यंत पावडर धुवा. पीएच ०.१ मोलर सोडियम हायड्रॉक्साइडने ९ ला आणा, दोन तासांनी पुन्हा तपासा. पीएच स्थिर ठेवायला फॉस्फेट बफर अजिबात नको, फॉस्फेट लोहाच्या ऑक्साइडवर घट्ट बसून जागा अडवतं.

हौदावरचा
सांडपाण्याचं कारण निराळं. सुती कापडाचे रिअ‍ॅक्टिव्ह रंग सल्फोनेट गटांमुळे ऋणभारित असतात, आणि त्या पाण्याचा पीएच बहुधा १० च्या वर. तिथे तुमची पावडरही ऋणभारित, दोघे एकमेकांना ढकलतात. वर डाईंगमधलं मीठ आणि सोडा आहेच. मेथिलीन ब्लूवरचं यश इथे लागू होत नाही. पीएच ६ ला आणून कायटोसानचा (आम्लात धनभार घेणाऱ्या नैसर्गिक पॉलिमरचा) लेप दिलेलं मॅग्नेटाइट वापरून बघा. ६६४ चं वाचन इथे निरुपयोगी. ४०० ते ७०० पूर्ण स्कॅन घ्या, शिवाय सीओडी (पाण्यातल्या सेंद्रिय घाणीचं मोजमाप) मोजा.

आणि एक कळकळीचं: पावडर धुऊन निघालेलं रंगीत पाणी सिंकमध्ये ओतू नका. रंग नष्ट झालेला नसतो, नुसता पावडरीवर बसलेला असतो. वापरलेली पावडर आणि ते पाणी वेगळ्या कॅनमध्ये, घातक कचऱ्याची चिठ्ठी लावून.

निळीशाई_घाटकोपर
चुंबकाने वेगळं केलं, ब्लँक आता ४९.६. पीएच ९ ला धरून उद्या तीनदा करते.