मदत हवी आहे: सीए नसताना फॉरेन्सिक अकाउंटिंगमध्ये (हिशेबातले घोटाळे शोधण्याच्या कामात) शिरता येईल का?

नमस्कार मंडळी. एम.कॉम., सीए इंटर, आर्टिकलशिप पूर्ण. फायनल तूर्त बाजूला ठेवली आहे. फोर्टमधल्या छोट्या फर्ममध्ये इंटर्नल ऑडिट करतो. मध्यंतरी एका क्लायंटकडे तीन सप्लायरांची बिलं हाती आली. नावं वेगळी, जीएसटी नंबर वेगळे, बँक खातं मात्र एकच! तेव्हापासून नेहमीच्या व्हाउचिंगपेक्षा (नोंदी बिलं-पावत्यांशी ताडून बघण्यापेक्षा) यातच डोकं जास्त चालतं.

आयसीएआयचा (सीएंच्या संस्थेचा) फॉरेन्सिक अकाउंटिंगचा सर्टिफिकेट कोर्स फक्त सदस्यांसाठी, म्हणजे मी बाद. उरतं सीएफई, म्हणजे 'सर्टिफाइड फ्रॉड एक्झामिनर' हे प्रमाणपत्र. त्याला दोन वर्षांचा संबंधित अनुभव लागतो, तो माझ्याकडे आहे. एक्सेल, टॅली पक्कं; एसक्यूएल शिकतोय. क्लासवाले पॅकेजचे आकडे फेकतात, त्यांना विचारण्यात अर्थ नाही.

नोकरी सोडून किंवा मुंबईबाहेर जाऊन शिकणं जमणार नाही. 'आधी फायनल दे' हे घरचे रोज ऐकवतातच, त्यामुळे प्रत्यक्ष या कामात असलेल्यांनीच सांगा: बीकेसी, लोअर परळच्या मोठ्या फर्मच्या फॉरेन्सिक टीममध्ये नुसत्या सीएफईवर घेतात का, की आधी एखाद्या बँकेच्या फ्रॉड विभागात शिरून मग तिकडे वळणं बरं?