गळणारा गिझर: आपापले अनुभव लिहा

थंडी पडली की खान्देशात घरोघरी गिझर चालू होतात आणि कुठून ना कुठून पाणी टपकायला लागतं. होळीपासून दिवाळीपर्यंत बंद राहिलेल्या गिझरचे वायसर कडक झालेले असतात, त्यात आपलं बोअरचं जड पाणी. घरी काय तपासलं, काय जमलं, ते लिहा. आमचे आजोबा म्हणायचे तेच आधी सांगते, "पयलं बटन बंद कर, मंग हात लाव." त्यात एक भर: नुसतं बटन नाही, एमसीबीच (पेटीतला वीज तोडणारा खटका) पाडा.

जळगावहून
आमचा १५ लिटरचा, खालच्या झाकणातून थेंब थेंब. झाकणाच्या कडेला पांढरी खार धरलेली, म्हणजे गळती बरीच जुनी. थंड पाण्याचा कॉक बंद केला, टाकी रिकामी केली, नट सोडले. पाणी तापवणारी कॉइल ओढली तर निघेना, इतका क्षार चढलेला. शेजारच्या मॅग्नेशियम रॉडची नुसती तार उरली होती. हा रॉड स्वतः झिजतो म्हणून टाकी वाचते. तो संपला की गंज टाकीला धरतो. रॉड आणि गॅस्केट (झाकणाखालची रबरी चकती) नवं घातलं. नट एकेक करून पूर्ण आवळू नका, समोरासमोरचे थोडे थोडे आवळा, नाहीतर गॅस्केट एका बाजूला दबतं. बोअरचं पाणी असेल तर वर्षाकाठी रॉड बघाच.

धुळ्याहून
पाणी तापताना सेफ्टी व्हॉल्व्हमधून (जास्तीचा दाब सोडणाऱ्या झडपेतून) टपकतं आणि गार झालं की थांबतं, असं असेल तर घाबरू नका. २५ लिटर पाणी २० वरून ६० अंशांवर गेलं की साधारण पावणेचारशे मिलिलिटर फुगतं. ते मागे गच्चीवरच्या टाकीत जाऊ शकत नाही, म्हणून व्हॉल्व्ह सोडतो. त्याला नळी जोडून मोरीत सोडा. काहीजण तिथे बूच मारतात, ते फार धोक्याचं आहे, गिझरची टाकी फुटू शकते. गार असतानाही टपकत असेल तर आत क्षाराचा कण अडकलेला असतो. दांडी उचलून धार सोडली की बहुतेकदा निघून जातो.

अमळनेरहून
गिझर चांगला होता, गळत होता गरम पाण्याच्या पाइपचा एल्बो. प्लंबरने साधा पांढरा यूपीव्हीसी (गार पाण्याचा प्लास्टिक पाइप) वापरलेला. तो ६० अंशांपुढे मऊ पडतो. गरम लाइनला गरम पाणी सोसणारा सीपीव्हीसीच लावून घ्या.

भुसावळहून
आईला नळाला हात लावताच झिणझिण्या आल्या. त्याच क्षणी मेन स्विच पाडला. कॉइलचं आवरण फुटून पाण्यात करंट उतरत होता आणि बाथरूमच्या सॉकेटला अर्थिंगच नव्हतं. हे घरी करायचं काम नाही, इलेक्ट्रिशियनच बोलवा. आम्ही कॉइल बदलली, अर्थिंग नव्याने काढलं आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) बसवला. त्यावरचं टेस्टचं बटन महिन्यातून एकदा दाबतो. दाबल्यावर वीज गेली नाही, तर गिझर लावत नाही.