व्यायामाला आठवड्यातून एक दिवस सुट्टी : गरज की सबब?

गंगापूररोडकर

सलग शंभर दिवस, एकही दिवस न चुकवता धावण्याच्या एका उपक्रमात मी गेल्या हिवाळ्यात नाव नोंदवले. वय ४४, वजन थोडे जास्त आणि उत्साह त्याहून जास्त होता. पहाटे नाशिकमधल्या घरातून निघायचे, सोमेश्वर मंदिरापर्यंत धावत जाऊन परत यायचे आणि व्हॉट्सॲपच्या गटावर घड्याळाचे छायाचित्र टाकून हजेरी लावायची, असा परिपाठ सुरू झाला. पन्नासाव्या दिवसाच्या सुमारास डाव्या नडगीच्या आतल्या बाजूला, बोटाने दाखवता येईल एवढ्याच जागी दुखू लागले. धावायला लागल्यावर दहा मिनिटांत ते दुखणे विसरायला होई, म्हणून मी त्याकडे लक्ष दिले नाही. शिवाय गटावरची हजेरी चुकली असती. सदुसष्टाव्या दिवशी मला घराचा जिना उतरता येईना. क्ष-किरण तपासणीत काही आढळले नाही, मात्र एमआरआयमध्ये हाडाला बारीक तडा दिसला आणि पुढचे सात आठवडे धावणे बंद झाले.

त्या सक्तीच्या सुट्टीत थोडे वाचन झाले. हाडावर वारंवार आघात झाले की शरीर तेथील झिजलेला भाग आधी पोखरून काढते आणि मग नव्याने भरते. पोखरण्याचे काम काही आठवड्यांत उरकते, भरायला मात्र काही महिने लागतात. मधल्या काळात हाड नेहमीपेक्षा कच्चे असते आणि नेमके त्याच काळात आपण ‘आता सवय झाली’ असे म्हणून अंतर वाढवतो, कारण दम आणि स्नायू हाडांच्या कितीतरी आधी सरावतात. स्नायूंनाही सवड लागतेच. वजने उचलल्यावर स्नायूंमध्ये नवी प्रथिने बांधली जाण्याचा वेग साधारण २४ ते ४८ तास वाढलेला असतो; दीर्घ धावण्याने ग्लायकोजेनचा, म्हणजे स्नायूंत साठवलेल्या साखरेचा, साठा संपला, तर पोटभर भात-भाकरी खाऊनही तो भरून यायला सुमारे एक दिवस जातो.

म्हणून माझे मत असे आहे की आठवड्यातला एक दिवस ठरवून व्यायाम करूच नये आणि दमवणारे दोन दिवस एकापाठोपाठ येऊ देऊ नयेत. दुखायला लागल्यावर थांबू, हे धोरण माझ्या बाबतीत तरी सपशेल फसले. आपली मते वाचायला आवडतील, विरोधी असली तर अधिकच.

त्रिरश्मी

आपल्याला झालेला त्रास वाचून वाईट वाटले, परंतु आपल्या निष्कर्षाशी मी सहमत नाही. सोमेश्वरपर्यंत धावणाऱ्याचा नियम आपण सरसकट सर्वांना लावत आहात. माझे वय ६१ आहे, मधुमेह नऊ वर्षांपासून आहे आणि मी पांडवलेणीच्या पायऱ्या रोज चढतो. रोज म्हणजे दिवाळीच्या पाडव्यालासुद्धा.

व्यायामामुळे शरीर इन्शुलिनला चांगली दाद देते, पण हा परिणाम एक ते तीन दिवसांत ओसरतो. त्यामुळेच मधुमेहींनी सलग दोन दिवसांपेक्षा जास्त खंड पडू देऊ नये, असा सल्ला दिला जातो. माझ्या डोळ्यांसमोर जे लोक आहेत त्यांतले बहुसंख्य अतिव्यायामाने नव्हे, तर बसून राहण्याने आजारी पडलेले आहेत. त्यांच्यापुढे विश्रांतीची महती गाणे म्हणजे उपाशी माणसाला एकादशीचे माहात्म्य सांगण्यासारखे आहे.

गंगापूररोडकर

काका, आपण दिलेला सल्लाच माझ्या बाजूचा आहे. सलग दोन दिवसांपेक्षा जास्त खंड नको, याचा अर्थ एक दिवस थांबलेले चालते, असाच होतो ना? इंग्लंड आणि स्कॉटलंडमधील सुमारे ६३,००० प्रौढांच्या माहितीवरून २०१७ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता. आठवड्याचा सगळा व्यायाम एक-दोन दिवसांतच उरकणाऱ्यांमध्येही मृत्यूचे प्रमाण अजिबात व्यायाम न करणाऱ्यांपेक्षा कमी आढळले. तेव्हा रोजची हजेरी ही काही आरोग्याची पूर्वअट नाही.

त्रिरश्मी

कागदावर एक दिवस थांबलेले चालते, हे मला मान्य आहे. माणसाचे काय करायचे? २०१९ च्या पावसाळ्यात पायऱ्या निसरड्या झाल्या म्हणून मी ‘फक्त आजचा दिवस’ घरी थांबलो आणि पुन्हा पायरीवर पाऊल ठेवले ते दिवाळी झाल्यावर. त्या चार महिन्यांत औषधाची मात्रा वाढली, ती पूर्ववत व्हायला पुढचे वर्ष गेले. आज जायचे की नाही हा प्रश्न ज्याच्या मनात रोज पहाटे उठतो, त्याची निम्मी शक्ती त्या प्रश्नातच खर्च होते. माझ्याकडे तो प्रश्नच उरलेला नाही आणि तो पुन्हा उकरून काढण्याची माझी इच्छा नाही.

पंचवटीतील फिजिओ

माझ्याकडे दोन्ही प्रकारचे रुग्ण येतात, म्हणून थोडे लिहिते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम किंवा ७५ ते १५० मिनिटे जोरकस व्यायाम करावा आणि किमान दोन दिवस स्नायूंना बळकटी देणारा व्यायाम करावा. त्यात रोज करा असे बंधन नाही आणि एक दिवस थांबाच असाही आदेश नाही. प्रश्न किती दिवस केला यापेक्षा कोणत्या भागावर किती भार पडला, हा आहे. रोज अर्धा तास रमतगमत चालणाऱ्याला वेगळी सुट्टी लागत नाही. धावणाऱ्याच्या पावलागणिक मात्र शरीराच्या वजनाच्या दुप्पट-तिप्पट भार पायावर येतो.

त्रिरश्मी काकांना एक सुचवावेसे वाटते. आपण चढण्याचा हिशेब करता, पण दुखणे आणते ते बहुधा उतरणे. उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच आकुंचन पावून शरीराचे वजन तोलतात आणि त्यांत सूक्ष्म इजा होतात. श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीची फेरी करून आलेली मंडळी मंगळवारी-बुधवारी जिन्याचा कठडा धरून उतरताना आपण पाहिली असतील. अशी वेदना २४ ते ७२ तासांत सर्वाधिक असते. आपल्या पायांना रोजच्या सरावाने उतरण्याची सवय झाली आहे, त्यामुळे स्नायू आता तक्रार करत नसतील, पण गुडघ्याच्या वाटीमागे दुखू लागले तर पायऱ्यांऐवजी सपाटीवर चाला. साखरेला पायऱ्याच लागतात असे नाही.

तालमीतला

हे सगळे फार नाजूक प्रकरण झाले आहे. आमचे आजोबा रोज पाचशे जोर आणि हजार बैठका मारत. लासलगावच्या बाजारात कांद्याच्या गोण्या उचलणाऱ्या हमालांना आठवड्याची सुट्टी कोणी ठरवून दिली होती? शरीर वापराल तितके टिकते.

निफाडचा बागायतदार

तालमीतल्या दादांना एवढेच सांगतो की लासलगावात परंपरेने अमावास्येला कांद्याचे लिलाव बंद असत, तेव्हा हमालांनाही ती उसंत मिळत होती. आणि गोण्या वाहिलेल्या माणसाला साठीनंतर कंबरेबद्दल एकदा विचारून पाहावे.

मी द्राक्षबागायतदार आहे, व्यायामशाळेत कधी गेलेलो नाही. द्राक्षाचा माल उतरवल्यावर आम्ही लगेच खरड छाटणी, म्हणजे हंगामानंतरची मोठी छाटणी, घेत नाही. बागेला साधारण पंधरा-वीस दिवसांची विश्रांती देतो, त्या काळात थोडे पाणी आणि थोडे खत चालू ठेवतो, कारण फळ पोसताना खोडातला आणि ओलांड्यातला (वेलीच्या आडव्या फांद्यांतला) अन्नसाठा खर्च झालेला असतो. तो भरून येण्याआधीच कात्री चालवली की फुटी कमजोर आणि मागेपुढे निघतात आणि त्याचा फटका पुढच्या हंगामाच्या घडांना बसतो. लक्षात घ्या, विश्रांती म्हणजे बाग वाऱ्यावर सोडणे नव्हे. पाणी तोडले तर ती विश्रांती राहत नाही, ती उपासमार होते. बैलांचेही तसेच आहे. पोळ्याच्या आदल्या दिवशी आपण त्यांचे खांदे तूप-हळदीने मळतो आणि पोळ्याला त्यांच्या मानेवर जू ठेवत नाही.

तालमीतला

वेल म्हणजे माणूस नव्हे. तरीही अमावास्येचा मुद्दा मान्य करतो. आजोबांच्या बाबतीत एक गोष्ट लिहायची राहिली : दुपारी जेवणानंतर ते दोन तास झोपत आणि रात्री नऊला घर अंधारात असे. त्यांच्या जोर-बैठका आम्ही उचलल्या, झोप मात्र उचलली नाही.

इंदिरानगरची वाचक

शेवटी कोणीतरी झोपेचा उल्लेख केला, म्हणून लिहिते आहे. आतापर्यंतच्या चर्चेत सुट्टीचा दिवस म्हणजे रिकामा दिवस, असे सर्वांनी गृहीत धरलेले दिसते. माझ्या व्यायामवर्गाला रविवारी सुट्टी असते आणि त्या दिवशी माझ्या घरी दोन वेळचा पाहुण्यांचा स्वयंपाक, आठवड्याचे कपडे आणि सासूबाईंच्या फिरण्याची सोबत एवढे काम असते. संध्याकाळी पोटऱ्या सोमवारच्या व्यायामानंतर दुखतात त्याहून अधिक दुखतात. मग मी विश्रांती नेमकी कधी घेतली?

दुसरे असे की व्यायामासाठी आम्ही वेळ काढतो तो झोपेतून. रात्री साडेअकराला ओटा आवरून पडायचे आणि पहाटे पाचला उठून व्यायामवर्गाला पळायचे, म्हणजे साडेपाच तास झोप. प्रौढांना सात तास तरी झोप हवी, असे सगळे डॉक्टर सांगतात आणि शरीराची डागडुजी तर गाढ झोपेतच चांगली होते. गेल्या वर्षी सहा महिने मी हे केले. वजन हलले नाही, चिडचिड वाढली, सर्दी पाठ सोडेना. आता मी आठवड्यातून चारच दिवस जाते आणि उरलेले तीन दिवस साडेसहापर्यंत झोपते. मुलाच्या डब्याची जबाबदारी त्या दिवशी यजमानांकडे आहे. हे शेवटचे वाक्य मिळवायला मला व्यायामापेक्षा अधिक श्रम पडले.

पंचवटीतील फिजिओ

ताईंनी लिहिले ते अगदी खरे आहे. शरीराला व्यायामाचा ताण, घरकामाचा ताण आणि अपुऱ्या झोपेचा ताण असे वेगवेगळे खाते ठेवता येत नाही. एक साधी खूण सांगते. अंथरुणातून उठण्याआधी मिनिटभर नाडी मोजून वहीत लिहावी. दोन-तीन आठवड्यांत आपला नेहमीचा आकडा कळतो. तो सलग काही दिवस चढा राहिला, जोडीला झोप उडाली, नेहमीचाच व्यायाम जड वाटू लागला आणि करण्याची इच्छा मरू लागली, तर हलका आठवडा घ्यावा. नुसती नाडी चढली म्हणून घाबरू नये, कारण ती तापानेही चढते आणि उशिरा झालेल्या जेवणानेही.

गंगापूररोडकर

इंदिरानगरच्या ताईंच्या लिखाणानंतर माझा मूळ मुद्दा मला थोडा अपुरा वाटू लागला आहे. मी सुट्टीचा दिवस कॅलेंडरवर शोधत होतो. सदुसष्ट दिवसांत मी किती रात्री सहा तासांहून कमी झोपलो, हे मोजले नव्हते. आज घड्याळातल्या जुन्या नोंदी काढून पाहिल्या तर अशा एकेचाळीस रात्री निघाल्या.

तरीही ठरवलेल्या सुट्टीचा आग्रह मी सोडत नाही, निदान धावणाऱ्यांसाठी तरी. लक्षणे पाहून थांबा हा सल्ला शहाण्यांसाठी आहे. गटावर हजेरी लावणारा माणूस लक्षणे पाहत नाही, तो दिवस मोजतो. मग दिवसच मोजायचे असतील, तर सातवा दिवस थांबण्याचा, हेही त्याला मोजता येईल. सध्या मी सोमवार, बुधवार आणि शनिवार धावतो, दोन दिवस व्यायामशाळेत जातो, एक दिवस चालतो आणि शुक्रवारी काहीही करत नाही.

त्रिरश्मी

आपला शुक्रवार आपल्याला लखलाभ. माझा नेम मी मोडणार नाही, मात्र फिजिओ ताईंचे ऐकून त्यात एक फरक करून पाहतो. आठवड्यातले दोन दिवस पायऱ्यांऐवजी गोल्फ क्लब मैदानावर चार फेऱ्या मारीन. नाडीची वही कालच आणली आहे. पहिला आकडा ७२ आला, पण तो उठून वही शोधल्यानंतरचा आहे, त्यामुळे उद्यापासून ती उशाशी ठेवतो.