गणिताची सुरुवात कारकुनांनी केली, ऋषींनी नाही

खातेवही: माझं मत सरळ आहे. गणित हिशेबातून जन्मलं. उरुक (आजचा इराक) आणि सूसा (आजचा इराण) या जुन्या शहरांत इ.स.पू. ३३००च्या आसपासचे मातीचे पोकळ गोळे सापडलेत. आत मातीच्याच गोट्या, जेवढा माल तेवढ्या. गोळा फोडल्याशिवाय आतलं कळेना, म्हणून बाहेरून ठसे उमटवायला लागले. मग गोट्या हव्यात कशाला? पुरातत्त्वज्ञ श्मांट-बेसेराटबाईंच्या मते लिपीही यातूनच आली.

रानवाटा: कोठारं बांधायच्या कितीतरी आधीचं इशांगोचं हाड विसरलात का? काँगोत १९५० साली मिळालं, साधारण २०,००० वर्षांपूर्वीचं. एका ओळीत ११, १३, १७, १९ खाचा. बेरीज ६०! चारही मूळसंख्या.

खातेवही: भागाकार माहीत नसताना मूळसंख्या कशी ओळखली म्हणे? आमचा गवळीही दाराच्या चौकटीवर कोळशाने रेघा मारायचा. त्याला कुणी गणिती म्हटलं नाही.

रानवाटा: मग तुमच्या कारकुनाला का म्हणायचं? उरुकला मेंढ्या साठाच्या गटांत मोजत आणि रेशनचा माल १२०च्या. आपल्याकडे कडब्याचा पाचुंदा नि अंड्यांचा डझन, तसंच. संख्या अजून वस्तूला चिकटलेलीच होती.

दोरीवाला: तुम्ही दोघं मोजण्यातच अडकलात. भूमितीचं काय? बौधायनाच्या शुल्बसूत्रात, म्हणजे वेदीच्या मोजमापांच्या जुन्या ग्रंथात, दोरी ताणून वेदी आखतात. चौरस दुप्पट करायचा तर त्याच्या कर्णावर नवा चौरस काढा. त्यासाठी २च्या वर्गमुळाची किंमत दिलीय: १ + १/३ + १/१२ − १/४०८. करून बघा, पाच दशांश स्थळांपर्यंत बरोबर येते. विटा रचायला एवढं बारीक कुणाला लागतं?

खातेवही: बॅबिलोनवाल्यांनी ते कित्येक शतकं आधीच काढलं होतं. येल विद्यापीठात त्यांची तळहाताएवढी मातीची पाटी आहे. चौरस, त्याचे कर्ण, आणि कर्णावर साठमान पद्धतीत (पुढचा प्रत्येक आकडा साठपट लहान भागांचा) १; २४, ५१, १०. बौधायनाहून जास्त अचूक. बहुधा कुणा विद्यार्थ्याची सरावाची पाटी.

दोरीवाला: हा हा! म्हणजे धान्य नाही, मेंढ्या नाहीत, नुसता कर्ण. हिशेब कुठे गेला, खातेवही?

खातेवही: ती शाळा कारकुनांचीच होती हो. पण पोरांना छळायला मास्तरांना कोठाराचं निमित्त लागत नाही, एवढं मान्य.