एचएमटी जनता अचानक १८ मिनिटं पुढे, सिको ५ रात्रीत बंद: सर्व्हिसिंगला द्यायचं का?

नवीपेठकर
दोन घड्याळांबद्दल सल्ला हवाय. पहिलं एचएमटी जनता, हाताने चावी द्यायचं, १७ ज्वेल्सचं (मशीनमधले खडे, ज्यांत चाकांची टोकं फिरतात). आधी दिवसाला अर्ध्या मिनिटाचा फरक पडायचा, आठ दिवसांपासून रोज १८ मिनिटं पुढे जातंय. दुसरं सिको ५, ७एस२६ मशीन. दिवसाला मिनिटभर मागे पडतं आणि रात्री काढून ठेवलं की सकाळी बंद. दोन्ही पडलेली नाहीत, पाणीही गेलेलं नाही. आधी घरी काही करून बघू की थेट घड्याळजीकडे नेऊ?

टिकटिक_सोलापूर
मालक, जनता लगेच उघडायला देऊ नका. हळूहळू बिघडलेलं घड्याळ आणि एका दिवसात बिघडलेलं घड्याळ, दोन्हींची दुखणी वेगळी. अचानक एवढी मिनिटं पुढे गेलं की पहिला संशय चुंबकाचा. हेअरस्प्रिंगचे, म्हणजे आतल्या केसासारख्या बारीक गोल स्प्रिंगचे, वेढे एकमेकांना चिकटतात, स्प्रिंगची लांबी कमी पडते आणि बॅलन्स, म्हणजे पुढेमागे हलून वेळ राखणारं चाक, भराभर हलायला लागतो. रात्री घड्याळ कुठे ठेवता ते बघा. ब्लूटूथ स्पीकर, चुंबकाचं झाकण असलेलं मोबाइल कव्हर, पर्सचं चुंबकी बटण, यातलं काहीही पुरतं.

होकायंत्र टेबलावर ठेवा आणि घड्याळ त्याच्या कडेने सावकाश फिरवा. मशीनमध्ये पोलादी भाग असतातच, त्यामुळे सुई जराशी हलली तर काही नाही. झटक्यात वळून घड्याळाच्या मागे यायला लागली, तर चुंबक धरलंय. चुंबक उतरवायचा डिमॅग्नेटायझर काही शे रुपयांना मिळतो. घड्याळ त्याच्यावर धरा, बटण दाबा आणि बटण दाबलेलंच ठेवून घड्याळ सरळ वर, हातभर लांब न्या. मग बटण सोडा. घड्याळ जवळ असतानाच बटण सोडलं तर चुंबक उतरण्याऐवजी आणखी चढू शकतं, सगळे चुकतात ते इथेच. दोन-तीनदा करा, पण बटण फार वेळ दाबून धरू नका, आतलं वेटोळं तापतं.

तरीही पुढेच जात असेल तर मागचं झाकण उघडून १०एक्स भिंगातून हेअरस्प्रिंग बघायला लागेल. निरोगी स्प्रिंगचे वेढे सारख्या अंतरावर असतात आणि बॅलन्सबरोबर श्वास घेतल्यासारखे फुलतात-मिटतात. दोन वेढे एकत्र चालताना दिसले आणि त्यांच्यात ओलसर चमक असली, तर तेल चढलंय. मग स्प्रिंग धुवायलाच लागते. मात्र १८ मिनिटांचा फरक आतली प्लस-मायनसची (वेग कमी-जास्त करायची) दांडी सरकवून कुणालाही काढू देऊ नका. ती दांडी थोडक्या फरकासाठी असते. दुखणं तसंच राहील आणि नंतर चुंबक उतरवलं की घड्याळ तेवढंच मागे पडेल.

भिंगवाला
सिकोचं बघू. ७एस२६ला क्राउनमधून (कडेच्या चावीच्या बटणातून) चावी देता येत नाही, ते हाताच्या हालचालीवरच भरतं. त्यामुळे आधी एक चाचणी करा. सलग १०-१२ तास हातात घालून हिंडाफिरा, मग डायल वर करून ठेवा आणि कधी बंद पडतं ते लिहून ठेवा. पूर्ण भरलं की साधारण ४० तास चालायला हवं. ३० तासांच्या पुढे गेलं तर मशीन ठीक आहे, बैठ्या कामामुळे भरत नाही एवढंच. १०-१२ तासांत थांबलं तर आतलं तेल सुकलंय, नाहीतर स्वतःहून चावी भरणारा भाग झिजलाय.

कंपनी या मशीनला दिवसाला उणे २० ते अधिक ४० सेकंद मान्य धरते, म्हणजे तुमचं मिनिटभर मागे पडणं त्याबाहेर आहे. टाइमग्राफर (टिकटिक ऐकून घड्याळाची चाल मोजणारं यंत्र) असलेल्याकडे न्या आणि आकडे स्वतः बघा. त्या यंत्रावर ७एस२६साठी लिफ्ट अँगल (मशीननुसार भरायचा कोन) ५३ अंश आणि ठोके तासाला २१,६०० लावायचे, जनतासाठी ठोके १८,०००. पूर्ण भरलेलं, डायल वर, आणि तरी अँप्लिट्यूड, म्हणजे बॅलन्सचा झोका, २०० अंशांच्या खाली असेल तर सर्व्हिसिंगला थांबू नका. तेल सुकलेलं घड्याळ चालतंच राहतं, म्हणून माणूस निर्धास्त असतो, आणि तेवढ्यात पिव्होट (चाकांच्या आसांची बारीक टोकं) घासत जातात. सफाईचं काम मग पार्ट बदलण्यावर जातं.

सिकोचा पार्ट मिळेल, वेळ पडली तर अख्खं मशीन मिळेल. जनताचं तसं नाही. एचएमटी वॉचेस बंद करायला सरकारने २०१६मध्ये मंजुरी दिली, आता पार्ट बहुतेक दुसऱ्या जुन्या घड्याळातून काढायला लागतात. म्हणून दोन्हींपैकी जास्त जपायचं ते जनता.

चाटीगल्ली
देताना एक गोष्ट स्पष्ट विचारा: मशीन पूर्ण सुटं करून धुणार का? अख्खं मशीन पेट्रोलमध्ये बुडवून, हलवून, वर तेलाचा थेंब टाकणं म्हणजे सर्व्हिसिंग नव्हे. जुना मळ पातळ होऊन ज्वेल्समध्येच बसतो, जास्तीचं तेल हेअरस्प्रिंगवर जातं. घड्याळ महिनाभर छान चालतं, मग पुन्हा तेच.

आपल्याकडे मे महिन्यात पारा ४२च्या वर जातो, तेव्हा घड्याळ गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका. घामाचं मीठ क्राउनच्या फटीत साचून स्टेम (क्राउनची आत जाणारी दांडी) गंजतो, संध्याकाळी कोरड्या मऊ कपड्याने पुसा. यंत्रमागाच्या शेडमध्ये वावर असेल तर सुताची बारीक धूळही तिथूनच आत जाते. सर्व्हिसिंगच्या वेळी क्राउनचं आणि झाकणाचं गॅस्केट (धूळ-पाणी अडवणारी रबरी कडी) बदलून घ्या.

काचेत आतून धुकं आलं तर उन्हात सुकवत बसू नका, त्याच दिवशी उघडायला द्या.

नवीपेठकर
समजलं, आज होकायंत्र लावून बघतो. जनताला चावी पूर्ण अडेपर्यंत दिली तर स्प्रिंग तुटते म्हणतात, खरं का?

टिकटिक_सोलापूर
नाही. रोज एकाच वेळी, अडेल तिथपर्यंत द्या, त्यापुढे जोर लावू नका. अर्धवट चावीवर अँप्लिट्यूड पडतं आणि वेळ बिघडते. चावी कधीच न अडता नुसती फिरत राहिली तर मेन स्प्रिंग (चावी भरणारी मुख्य स्प्रिंग) तुटलेली असू शकते. सोडल्यावर क्राउन स्वतःहून उलटा फिरला तर क्लिक, म्हणजे भरलेली चावी अडवून धरणारा खटका, गेलाय. दोन्हींत पुन्हा पुन्हा चावी देऊन बघू नका, तसंच न्या.